विश्रुत वृक्ष : नगरांतील सार्वजनिक वृक्षांचें रक्षण व त्यांची लेखी नोंद

भूमीच्या हद्दी ठरविण्याच्या कामीं वृक्षाची साक्ष आपल्याकडे फार पुरातन काळापासून ग्राह्य मानलेली आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमेवर कोणते वृक्ष लावावे हें सांगतांना वड, पिंपळ, पळस, सावरी, साल, ताड व चिकाचे वृक्ष यांची नांवें दिलेलीं आहेत. याचें कारण उघड आहे. माणूस मरतो, दगड रातोरात हलवितां येतो. पण दीर्घायु वृक्ष एका जागीं उभा राहून तीन-चार पिढ्यांस साक्ष देतो. जुन्या कागदांचा शोध करणाऱ्या आमच्यासारख्यांनीं साक्षीचीं पत्रें आजवर परिश्रमानें जमविलीं. परंतु त्या पत्रांत ज्यांचा उल्लेख येतो त्या वृक्षांकडे जावें तितकें लक्ष गेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत नगरांतील सार्वजनिक जागेवरील वृक्षांच्या रक्षणाची व्यवस्था आपल्याकडे कसकशी होत गेली याचा संक्षेपानें विचार करून, शेवटीं संग्राहकांस एक विनंती करण्याचा आमचा हेतु आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास एक प्रसंग कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घराजवळील चौकांतील पिंपळास नोटीस लाविलेली आम्हीं पाहिली. रस्तारुंदीच्या कामासाठीं तो वृक्ष तोडावयाचा असून, कोणाची हरकत असल्यास ती मुदतींत लेखी द्यावी, असा तींतील मजकूर होता. आम्हीं व शेजारच्या दोन-चार गृहस्थांनीं हरकत दिली. सुनावणीच्या वेळीं आम्हांस एकच प्रश्न विचारण्यांत आला : या वृक्षाचें वय काय, व त्यास पुरावा कोणता? कचेरीच्या नोंदींत बुंध्याच्या घेरावरून त्याचें वय पन्नास वर्षांच्या आंत मांडलेलें होतें. आमच्या वडिलांनींहि तो वृक्ष तसाच पाहिला होता असें आम्हीं सांगितलें. परंतु ऐकीव गोष्टीस पुरावा म्हणत नाहींत, हें इतिहासाच्या अभ्यासकास कोणीं शिकवावयास नको. पिंपळ तोडला गेला. वयाचा हा प्रश्न इतक्या महत्त्वाचा कां ठरला हें कळण्यासाठीं प्रथम शास्त्रकारांकडे वळलें पाहिजे.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी १९०५ सालीं म्हैसूर येथील ग्रंथसंग्रहांत पं. शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं मूळ ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला, हें वाचकांस विदित आहेच. या ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणांतील एकोणिसाव्या अध्यायांत नगराच्या उपवनांतील वृक्षांस केलेल्या इजेबद्दल दंड सांगितले आहेत. फुलें, फळें अथवा छाया देणाऱ्या वृक्षाचे अंकुर तोडल्यास ६ पण, बारीक फांदी तोडल्यास १२ पण, जाड फांदी तोडल्यास २४ पण. खोडाचा घात केल्यास पूर्वसाहसदंड, म्हणजे ४८ पासून ९६ पणांपर्यंत. आणि वृक्ष समूळ उपटल्यास मध्यमसाहसदंड, म्हणजे २०० पासून ५०० पणांपर्यंत. झुडुपें व वेली यांच्या बाबतींत दंड निम्मा धरिला आहे.

येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, हे दंड वनाच्या अथवा शेतीच्या प्रकरणांत आलेले नसून दंडपारुष्याच्या, म्हणजे मारहाणीच्या, प्रकरणांत आलेले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतींतहि तसेंच आहे : तेथें फांदी, खोड व समग्र वृक्ष यांच्या छेदनास अनुक्रमें २०, ४० व ८० पण दंड सांगितला असून तो विषय दंडपारुष्यांतच घातला आहे. वृक्षाच्या मालकाचें नुकसान एवढाच विचार शास्त्रकारांच्या मनांत असता तर हा विषय त्यांनीं अन्यत्र घातला असता. दुसरी गोष्ट अशी कीं, दोन्ही ग्रंथांत कांहीं वृक्षांस सामान्य वृक्षांहून अधिक रक्षण दिलें आहे. कौटिल्य सीमेवरील व चैत्याजवळील वृक्षांबरोबर ‘आलक्षित’ वृक्षांसाठीं दंड दुप्पट करतो. आणि याज्ञवल्क्य चैत्य, स्मशान, सीमा, पुण्यस्थान व देवालय येथील वृक्षांबरोबर ‘विश्रुत’ वृक्षासाठीं दुप्पट दंड सांगतो.

आलक्षित म्हणजे खूण पटलेला, लोकांच्या नजरेंत भरलेला. विश्रुत म्हणजे ज्याची ख्याति ऐकूं येते असा. परंतु एखादा वृक्ष आलक्षित अथवा विश्रुत आहे हें ठरवावयाचें कोणीं व कशावरून? अर्थशास्त्रांत याचा खुलासा नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें ‘विश्रुत’ याचा अर्थ पिंपळ, पळस इत्यादि वृक्ष असा केला आहे. म्हणजे विशिष्ट एका वृक्षाची ख्याति ठरविणें कठीण, म्हणून त्यानें ती ख्याति जातीवर नेली. व्यवहाराच्या दृष्टीनें हें सोयीचें खरें. पण त्यामुळें चौकांतला दोनशें वर्षांचा पिंपळ आणि भिंतींत काल उगवलेला पिंपळ एकाच मापानें मोजले जातात, आणि जो आंबा अथवा चिंच गांवच्या स्मरणांत पिढ्यान् पिढ्या आहे तो बाहेर राहतो. दंडाचा कोष्टक तयार होता. उणीव होती ती वृक्षाच्या ओळखीच्या पुराव्याची. ही उणीव आजतागायत भरून निघालेली नाहीं, असें आमचें मत आहे.

दंडाचा विचार झाला. आतां संगोपनाविषयीं थोडें लिहितों. वृक्ष लावणाऱ्याची कीर्ति शिलालेखांत कोरली गेली, वाढविणाऱ्याची क्वचितच. अशोकानें आपल्या लेखांत मार्गावर वड लावल्याचें व आमराया केल्याचें सांगितलें आहे. त्यांस पाणी कोणीं घातलें तें नाहीं सांगितलें. संगोपनाचें ज्ञान वृक्षायुर्वेदाच्या ग्रंथांत राहिलें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत या विषयावर एक अध्याय असून, दोन वृक्षांमधील अंतर वीस हात उत्तम, सोळा हात मध्यम व बारा हात कनिष्ठ असें तेथें दिलें आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयांत राहिली व डॉ. नलिनी साधले यांनीं केलेल्या इंग्रजी भाषांतरासह ती १९९६ सालीं प्रसिद्ध झाली, ही गोष्ट पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मुळांस जागा, हवा व पाणी पाहिजे हें त्या ग्रंथकारांचें प्राथमिक सूत्र होय. नव्या काळांत रस्त्याच्या कडेची फरसबंदी थेट बुंध्यास भिडविण्याची रीत पडली. तेव्हां राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास २०१३ सालीं दिल्लीच्या बाबतींत वृक्षांभोंवतालचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढून टाकण्याचा हुकूम द्यावा लागला. पीनशाखेच्या छेदनाबद्दल चोवीस पण दंड सांगणाऱ्यास जें नजरेसमोर नव्हतें असें हें गळा आवळणें आहे : यांत कुऱ्हाड दिसत नाहीं, आणि वृक्ष कांहीं वर्षांनीं पावसाळी वाऱ्यांत कोसळला म्हणजे दोष वाऱ्यास दिला जातो.

आतां मराठेशाहीकडे येऊं. वृक्षांविषयींचें एक वचन शिवछत्रपतींचें पत्र म्हणून वारंवार छापलें जातें. त्याचा आशय असा कीं, आरमारास लांकूड लागतें तें सागवान इत्यादि मिळवावें. परंतु आंबे, फणस यांस हात लावूं नये, कारण तीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण असेल तर मालकास राजी करून व मोबदला देऊन तोडावें. हा मजकूर आज्ञापत्रांतील आरमारविषयक प्रकरणांतला होय. आज्ञापत्र हें रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असून तें कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दींत १७१५ सालचें आहे. म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर पस्तीस वर्षांचें. अमात्यांनीं थोरल्या महाराजांचें राज्य जवळून पाहिलें होतें, यास्तव त्यांत त्या धोरणाचें प्रतिबिंब असणें शक्य आहे. तथापि पत्र कोणाचें हें सांगतांना सन व कर्ता यांची गल्लत करणें आपल्या शास्त्रास शोभत नाहीं. प्रस्तुत विषयास उपयोगी मुद्दा निराळा आहे. आज्ञापत्रांतील आंबा-फणसाचा मालक ठरलेला आहे. त्यास राजी करावयाचें असतें व मोल द्यावयाचें असतें. इनामाच्या सनदांतहि जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण यांचा उल्लेख भूमीबरोबर येतो, म्हणजे तरु भूमीच्या धन्याकडे जातो. चौकांतील पाराच्या पिंपळास असा धनी नसतो. त्याच्या वतीनें राजी अथवा नाराजी कोणीं सांगावी?

हा प्रश्न नगरपालिकांच्या काळांत स्पष्टपणें पुढें आला. रस्ता सार्वजनिक झाला, तेव्हां त्यावरील वृक्षहि पालिकेचा झाला. पण कर्तव्याच्या यादींत त्यास मानाचें स्थान मिळालें नाहीं. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमांत दिवाबत्ती, गटारें, पाणीपुरवठा हीं आवश्यक कर्तव्यें, आणि रस्त्याच्या कडेस व अन्यत्र झाडें लावणें व राखणें हें मात्र ऐच्छिक कर्तव्य, अशी वांटणी आहे. ऐच्छिक कामास पैसा सर्वांत शेवटीं मिळतो, हें कोणत्याहि संस्थेचा जमाखर्च पाहिलेल्या मनुष्यास सांगावयास नको.

ही स्थिति १९७५ च्या ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमा’नें पालटली. या कायद्यानें प्रत्येक नागरी क्षेत्रांत वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. वृक्षांची गणना करणें, रोपवाटिका चालविणें, नव्या लागवडीवर देखरेख ठेवणें हीं कामें प्राधिकरणाकडे दिलीं. आणि परवानगीवांचून वृक्ष तोडणें हा गुन्हा ठरविला. ‘तोडणें’ या शब्दांत जाळणें व कोणत्याहि प्रकारें इजा करणें याचा समावेश केला, हें कौटिल्याच्या अंकुरापासून मुळापर्यंतच्या क्रमाशीं ताडून पाहण्यासारखें आहे. पुढें परवानगीपूर्वीं वर्तमानपत्रांत व प्रत्यक्ष वृक्षावर जाहीर नोटीस लावण्याची रीत आली. बिनधन्याच्या वृक्षाच्या वतीनें राजी-नाराजी सांगण्याचा अधिकार अशा रीतीनें सर्व नागरिकांस मिळाला. आमच्या समजुतीप्रमाणें या कायद्याचें खरें मर्म या नोटिशींत व गणनेंत आहे. दंड तर दोन हजार वर्षांपूर्वींहि होता.

गणनेचें फळ काय आलें तें मुंबईच्या उदाहरणावरून दिसेल. तेथें २००८ च्या गणनेंत सुमारें १९.१७ लक्ष, तर २०१८ सालीं पुऱ्या झालेल्या गणनेंत सुमारें २९.७५ लक्ष वृक्ष भरले. या दोन आंकड्यांमधील सर्व अंतर नव्या लागवडीचें मानणें धोक्याचें होईल, कारण दुसऱ्या वेळीं प्रत्येक वृक्षाचें स्थान उपग्रहाच्या साहाय्यानें नकाशावर घेण्यांत आलें व मोजणी अधिक बारकाईची झाली. तसेंच या एकंदर संख्येपैकीं रस्त्यांच्या कडेचे वृक्ष दोन लक्षांहून कमी आहेत. ज्याच्या सावलींतून आपण रोज जातों तो वृक्ष संख्येनें असा अल्प आहे.

येथें एक आक्षेप आम्हीच घेतों. नोंद झाली म्हणजे वृक्ष वांचतो काय? तसें नाहीं. मुंबईच्या आरे भागांत मेट्रोच्या आगारासाठीं जे वृक्ष तोडावयाचे होते ते सर्व मोजलेले होते. तरी ४ ऑक्टोबर १९१९ च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे २०१९ सालीं, त्याच तारखेस उच्च न्यायालयानें अर्ज फेटाळल्यावर त्या रात्रीं तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली तोंपर्यंत २,१४१ वृक्ष पडले होते. नोंदीनें ते वांचले नाहींत. परंतु किती पडले हा आंकडा न्यायालयापुढें निश्चितपणें ठेवतां आला तो नोंदीमुळें. नोंद हें रक्षणाचें पुरेसें साधन नव्हे, पण तिच्यावांचून रक्षणाची गोष्टहि बोलतां येत नाहीं.

आतां वयाचा प्रश्न. २०२१ सालीं वरील अधिनियमांत जी दुरुस्ती झाली तिनें पन्नास वर्षें अथवा अधिक वयाचा वृक्ष हा ‘हेरिटेज’, म्हणजे वारशाचा, वृक्ष ठरविला. आणि तोडलेल्या वृक्षाचें जितकें वय तितकीं नवीं झाडें लावावीं असा नियम घातला. वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, हा याज्ञवल्क्याचा विश्रुत वृक्षच नव्या नांवानें परत आला आहे. विज्ञानेश्वरानें त्याची ओळख जातीवरून केली होती; नव्या कायद्यानें ती वयावरून केली. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होय. पण वय मोजावयाचें कसें? रूढ रीत अशी कीं, छातीइतक्या उंचीवर बुंध्याचा घेर घ्यावयाचा व जातीच्या वाढीच्या मानानें वर्षें काढावयाचीं. ही रीत पुष्कळदां फसते. सागाच्या खोडांत वर्षागणिक वलयें स्पष्ट उमटतात, परंतु आपल्याकडील अनेक जातींत तीं भरंवशानें मोजतां येत नाहींत. ताड-माडाचा बुंधा वयाबरोबर जाड होत नाहीं. वडाच्या पारंब्या खोडांत मिसळून जातात. गोरखचिंच आंतून पोकळ होते व तिचा घेर वयाविषयीं फसवितो. आफ्रिकेंतील जुन्या गोरखचिंचांचीं वयें ठरविण्यास शास्त्रज्ञांस रेडिओकार्बन पद्धतीचा आश्रय घ्यावा लागला. सांताक्रूझ येथील रस्त्याकडेची जुनी गोरखचिंच २०२२ सालीं मेट्रोच्या कामांत गेली, तेव्हां तिच्या वयाची चर्चा पुष्कळ झाली. असा वाद अंदाजांवर चालतो, कागदावर नाहीं.

आमच्या चौकांतील पिंपळाचें असेंच झालें होतें. त्याचें मूळ खोड पूर्वीं केव्हां तरी मोडून बुंध्यांतून नवे फोक फुटलेले होते. मोजणाऱ्यानें त्या फोकांचा घेर घेतला व वय पन्नासाच्या आंत काढलें. त्यानें लबाडी केली असें आम्हीं म्हणत नाहीं. त्याच्यापाशीं दुसरें साधन नव्हतें. साधन आमच्यापाशीं असावयास पाहिजे होतें. वृक्ष गेल्यावर सुमारें सात-आठ महिन्यांनीं एका स्नेह्यांच्या घरचें दप्तर लावतांना मोडी लिपींतील एक गहाणखत आमच्या हातीं आलें. कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, स्टॅम्पाचा. त्यांत घराची चतुःसीमा लिहितांना उत्तरेस पिंपळाचा पार लिहिलेला आहे. घर तेंच, चौक तोच. पार बांधला होता, म्हणजे त्या वेळींच वृक्ष चांगला वाढलेला होता. सुनावणीच्या दिवशीं हा कागद आमच्या घरापासून शंभर पावलांवर एका पेटींत पडून होता. तो पुढें ठेवला असता तर पिंपळ राहिलाच असता, असें आम्हीं छातीवर हात ठेवून म्हणूं शकत नाहीं. परंतु प्रश्नास उत्तर देतां आलें असतें, व वारशाचा वृक्ष म्हणून त्याचा विचार करणें भाग पडलें असतें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती अशी आहे. आपल्या संग्रहांतील खरेदीखतें, गहाणखतें, वांटणीपत्रें, महजर, निवाडे व सनदा यांत चतुःसीमा लिहिलेल्या असतात. त्या आपण आजवर घराण्यांच्या व वाड्यांच्या शोधासाठीं वाचल्या. आतां त्या वृक्षांसाठीं पुन्हां एकवार वाचाव्या. जेथें वृक्षाचा उल्लेख येईल तेथें पांच गोष्टी टिपाव्या : कागदाचा प्रकार, त्याची मिति, वृक्षाची जात, त्याचें स्थान आजच्या रस्त्यांच्या भाषेंत, आणि मूळ शब्द जसेच्या तसे. उल्लेख एकट्या झाडाचा आहे, पाराचा आहे, कीं केवळ स्थलनामाचा आहे, हें निराळें दाखवावें. कारण चिंचपोकळी, फणसवाडी अशीं नांवें झाडांची आठवण राखतात, परंतु उभ्या असलेल्या एखाद्या वृक्षाचें वय त्यांवरून सिद्ध होत नाहीं. कागदांतील वृक्ष व आज उभा असलेला वृक्ष एकच, हें म्हणतांनाहि सावध असावें. जुना वृक्ष पडल्यावर त्याच पारांत नवा लावण्याची चाल सर्वत्र होती. संशय असेल तेथें संशय लिहावा. अशा टिपा शहरवार एकत्र करून एक प्रत या त्रैमासिकाकडे व एक प्रत त्या त्या ठिकाणच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे पाठवावी. गणना ठराविक वर्षांनीं पुन्हां होणारच. त्या वेळीं घेराच्या रकान्याशेजारीं कागदाचाहि एक रकाना भरला जावा, एवढीच अपेक्षा आहे.

या कामास द्रव्य लागत नाहीं. मोडी वाचतां येणारे डोळे लागतात, आणि ते दिवसेंदिवस थोडे होत चालले आहेत. चौकांतील पिंपळाविषयींची टीप आम्हीं वरील पांच कलमांप्रमाणें तयार केली असून ती यादींतील पहिली आहे. त्या वृक्षास तिचा कांहीं उपयोग नाहीं. दुसरी टीप अशा वृक्षाची यावी कीं जो अद्याप उभा आहे.